ऐकल्यावाचून कळणाऱ्या गोष्टी

मोबाईलमधल्या परवानग्यांवर मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळची सगळी पानं त्याच विषयाला दिली आहेत. एक प्रश्न बहुतेकांनी विचारलाय, तो आधी घेते.

प्रश्न: ताई, दिवाळीत नणंद घरी आली होती. जेवताना घरघंटी घ्यावी का, यावर आमचं बरंच बोलणं झालं. मी फोनवर काहीही शोधलं नाही, शपथेवर सांगते. दुसऱ्या दिवशी फेसबुक उघडलं तर घरघंटीच्या जाहिराती! फोन तिथेच टेबलावर होता. हे लोक आपलं बोलणं ऐकतात का?
— एक गृहिणी, इचलकरंजी

उत्तर: शपथ कशाला, माझा तुमच्यावर विश्वास आहे. वाचनालयात मी मोबाईलचा वर्ग घेते, तिथे दर तुकडीत कुणी ना कुणी हाच अनुभव सांगतं. तरीही जेवतानाचं बोलणं ऐकून ती जाहिरात आली असं मला वाटत नाही.

अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी अँड्रॉइडवरची सतरा हजारांहून जास्त अ‍ॅप्स तपासली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. मालकाच्या नकळत माइक सुरू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही अ‍ॅप त्यांना सापडलं नाही. सापडलं ते दुसरंच. काही अ‍ॅप्स आपण स्क्रीनवर काय करतोय त्याची चित्रं आणि व्हिडिओ टिपून तिसऱ्याच कंपनीला पाठवत होती. त्याबद्दल कुणाला संशयही आला नव्हता.

मग घरघंटी आली कुठून? तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं ते कंपनीलाच ठाऊक, पण वाट साधारण अशी असते. नणंदेच्या मनात घरघंटीचा विषय आधीपासून असणार, म्हणून तर तो जेवताना निघाला. त्यांनी आपल्या फोनवर किंमती बघितल्या असतील. विकणाऱ्यांच्या पुष्कळ वेबसाइटवर फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीचा 'पिक्सेल' नावाचा छोटासा कोड बसवलेला असतो. पान उघडलं की 'या व्यक्तीने अमुक वस्तू पाहिली' ही खबर फेसबुककडे जाते. मग नणंद तुमच्याकडे आल्या, त्यांचा फोन तुमच्या वायफायला जोडला गेला. आता बाहेरच्या जगाला दोन्ही फोन एकाच पत्त्यावरून बोलताना दिसतात. तुम्ही दोघी फेसबुकवर एकमेकींना जोडलेल्या, एकमेकींचे नंबर फोनमध्ये, वय आणि आवडीनिवडी साधारण सारख्या. विक्रेत्याने फक्त एवढंच सांगितलेलं असतं की, ज्यांनी ही वस्तू पाहिली त्यांना आणि त्यांच्यासारख्या लोकांना जाहिरात दाखवा. तुमच्या पडद्यावरची जागा लिलावात निघते, बोली लागते, विकली जाते, आणि हे सगळं पान उघडेपर्यंतच्या क्षणात उरकतं.

त्याच दिवशी तुम्हाला साड्यांच्या, विम्याच्या, गुडघेदुखीच्या तेलाच्या कितीतरी जाहिराती दिसल्या असतील. त्यांच्याबद्दल बोलणं झालं नव्हतं म्हणून त्या लक्षात राहिल्या नाहीत.

हे मला लवकर पटलं त्याला माझी नोकरी कारण आहे. मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा एसटीडी, म्हणजे परगावी थेट फोन लावायची सोय, गावोगाव पोचली नव्हती. लोक कॉल बुक करायचे आणि आम्ही तिकिटावर लिहायचो: कुठला नंबर, कुठे जोडायचा, ऑर्डिनरी की अर्जंट की लाइटनिंग, किती वाजता लागला, किती मिनिटं चालला. बोलणं ऐकायला सक्त मनाई होती आणि आम्ही ती पाळायचो. तरी बोर्डावर बसणाऱ्या बाईला गावाचं बरंच काही कळायचं. एका पेढीवाल्यांच्या घरून रोज रात्री मुंबईच्या एकाच हॉस्पिटलला अर्जंट कॉल जायचा. एका पहाटे त्याच घरून सोलापूर, बेळगाव, इंदूर असे पाठोपाठ लाइटनिंग कॉल बुक झाले. एक अक्षर न ऐकता आम्हाला समजलं, आणि आम्ही ते कुणाला सांगितलं नाही. महिन्याचं बिल झालं की त्या तिकिटांचं काम संपायचं. आज अशी तिकिटं आपल्या प्रत्येक हालचालीची फाटतात, ती वर्षानुवर्षं जपली जातात, एकमेकांना जोडली जातात, आणि त्यांच्यावर धंदा चालतो.

ऐकण्याची एक गोष्ट मात्र खरी आहे. 'हे सिरी', 'ओके गूगल' अशा हाकेला जागणारे सहायक कधीकधी हाक न मारताच जागे होतात. अ‍ॅपलच्या सिरीने अशा प्रकारे टिपलेले आवाज कंत्राटी कामगार तपासताना ऐकतात, हे 'गार्डियन' वर्तमानपत्राने २०१९ मध्ये उघड केलं. त्यावरच्या अमेरिकेतल्या खटल्यात कंपनीने २०२५ च्या जानेवारीत साडेनऊ कोटी डॉलर देऊन तडजोड केली, चूक मात्र मान्य केली नाही. हा सहायक तुम्ही वापरत नसाल तर बंद करून टाका.

आता तुमचं काम. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये वर शोधायची पट्टी असते, तिथे 'अ‍ॅड्स' टाइप करा. 'डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी' सापडेल, ते दाबा. वेगवेगळी अ‍ॅप्स तुम्हाला ज्या एका क्रमांकाने ओळखतात तो क्रमांक त्याने पुसला जातो. मग फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर उघडा आणि 'युवर अ‍ॅक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' शोधा. फेसबुकबाहेर तुम्ही काय काय केलंत ते कुणी कुणी कळवलं, त्याची यादी तिथे आहे. वर्गात ही यादी उघडली की बायका गप्प होतात. औषधांची दुकानं, बँका, लग्न जमवणारी संकेतस्थळं, सगळी तिथे असतात. ती यादी पुसा आणि पुढची जोडणी तोडा. नणंदेलाही करायला लावा, नाहीतर त्यांच्या वाटेने तुमच्याकडे जाहिराती येतच राहतील.

प्रश्न: २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने फेसबुकला माहिती देण्याची नवी अट घातली तेव्हा मी 'स्वीकारतो' दाबलं. दुसरा इलाज नव्हता, पेन्शनरांचा सगळा ग्रुप तिथे आहे. तेव्हापासून मनात आहे, माझे मेसेज कंपनी वाचते का?
— निवृत्त शिक्षक, अलिबाग

उत्तर: नाही गुरुजी, वाचत नाही. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात. मधे कंपनीलाही ते वाचता येत नाहीत.

कंपनीकडे राहतं ते त्याच्या भोवतीचं. तुमचा नंबर, फोनची आणि नेटवर्कची माहिती, अ‍ॅप किती वेळा आणि किती वेळ वापरता, कुठल्या ग्रुपांत आहात, तुमच्या फोनमधले इतरांचे नंबर, दुकानदारांच्या खात्यांशी केलेले व्यवहार. २०१४ साली फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप विकत घेतलं ते याच्या मोलामुळे, असं माझं ठाम मत आहे. नुसत्या गप्पांसाठी कुणी १९ अब्ज डॉलर मोजत नाही.

'दुसरा इलाज नव्हता' हे तुमचे शब्द महत्त्वाचे आहेत. भारतीय स्पर्धा आयोगाने नेमकं हेच म्हटलं. घ्या नाहीतर सोडा, अशी अट घालणं म्हणजे बाजारातल्या वरचष्म्याचा गैरवापर आहे, असं ठरवून आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला. जाहिरातींसाठी व्हॉट्सअ‍ॅपची माहिती मेटाच्या बाकीच्या कंपन्यांना द्यायला पाच वर्षं बंदीही घातली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये अपिलात दंड कायम राहिला, पण पाच वर्षांची बंदी उठली. मला त्या बंदीचं जास्त महत्त्व वाटत होतं. एवढा दंड त्या कंपनीला जाणवतही नाही.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. चॅटचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जातो तो आपोआप कुलूपबंद नसतो. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप असं जाऊन 'एंड-टु-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' सुरू करा आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा, कारण तो हरवला तर बॅकअप कंपनीलाही उघडता येणार नाही. दुसरं, ते निळं-जांभळं वर्तुळ, मेटा एआय. त्याला विचारलेले प्रश्न म्हणजे मित्राला पाठवलेला मेसेज नव्हे, ते थेट कंपनीशीच बोलणं आहे. या गप्पा जाहिराती ठरवायला वापरणार असल्याचं मेटाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःच जाहीर केलं आहे. तब्येतीचे प्रश्न तिथे विचारू नका.

प्रश्न: मी साधा माणूस आहे, खासगी कंपनीत नोकरी करतो. माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही. गूगलला माझं लोकेशन कळलं तर कळू दे, फुकट नकाशा मिळतो ना! उगाच लोकांना घाबरवता, असं वाटतं.
— एक तरुण वाचक, परभणी

उत्तर: तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत हे बरं केलंत, कारण हाच विचार पुष्कळांच्या मनात असतो.

आमच्या वर्गात भाजी विकणाऱ्या एक बाई यायच्या. त्यांच्याकडेही लपवण्यासारखं काही नव्हतं. मुलीच्या फीसाठी त्यांनी एका अ‍ॅपवरून काही हजारांचं कर्ज घेतलं. अ‍ॅपने कॉन्टॅक्ट मागितले, फोटो मागितले, त्यांनी 'अलाउ' दाबलं. एक हप्ता चुकला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या व्याह्यांना, मुलीच्या बाईंना आणि मंडईतल्या आडत्याला मेसेज गेले की ही बाई चोर आहे. त्यांच्या फोनमधला एक फोटो घेऊन त्यावर नको ते जोडून तो पाठवला गेला. त्या वर्गात आल्या, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, बाई, हा तुम्हीच ठेवा. व्याह्यांना समजावायला आम्ही दोघी तिघी गेलो होतो. अपमान सोसला त्या बाईंनी, ज्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

अशा तक्रारींचा पूर आला तेव्हा रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ ला नियम केले. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फोटो-फायलींना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन लागलंच तर एकदाच, केवायसीपुरतं, स्पष्ट संमती घेऊन. गूगलनेही २०२३ च्या मेअखेर आपल्या प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या अ‍ॅप्सना कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायला बंदी केली. तरीही लिंकवरून येणारी चोरटी अ‍ॅप्स आहेतच. कुणावर अशी वेळ आली तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा.

आणि माहिती तुमची एकट्याची कुठे असते? केंब्रिज अ‍ॅनालिटिका या निवडणूक प्रचाराचं काम करणाऱ्या ब्रिटिश कंपनीचं प्रकरण आठवा, मार्च २०१८ मध्ये उघड झालेलं. व्यक्तिमत्त्व सांगणारी एक प्रश्नमंजुषा फेसबुकवर होती. फेसबुकनेच दिलेल्या आकड्यांप्रमाणे भारतात ती फक्त ३३५ जणांनी घेतली. पण तिने त्यांच्या मित्रांचीही माहिती उचलली, आणि झळ पोचू शकलेल्या भारतीयांचा आकडा ५ लाख ६२ हजारांवर गेला. त्या ३३५ जणांकडेही लपवण्यासारखं काही नसेल. बाकीच्या लाखोंना कुणी विचारलंच नव्हतं.

लोकेशनचंही ऐका. 'लोकेशन हिस्टरी' बंद केली तरी गूगल ठिकाणं नोंदवत होतं, कारण 'वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' नावाचं दुसरंच बटण चालू असायचं, हे असोसिएटेड प्रेसने ऑगस्ट २०१८ मध्ये दाखवून दिलं. अमेरिकेतल्या चाळीस राज्यांशी गूगलला त्याबद्दल नोव्हेंबर २०२२ मध्ये ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. नकाशा फुकट म्हणता, पण गूगलच्या मूळ कंपनीला २०२३ साली मिळालेल्या सुमारे ३०७ अब्ज डॉलरपैकी २३८ अब्ज जाहिरातींतून आले. तुम्ही किती वाजता कुठल्या दवाखान्याबाहेर थांबलात हे कळण्याची किंमत त्यात धरलेली आहे.

के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. आधारच्या सक्तीविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा त्यांचं वय ८६ होतं. त्यांच्याकडे तरी काय लपवण्यासारखं असणार? त्यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा भारतातल्या माणसाचा मूलभूत हक्क आहे. तो हक्क तुम्हालाही आहे, तुम्हाला वापरावासा वाटो न वाटो. तुम्ही नकाशा जरूर वापरा. मीही वापरते. लोकेशनची परवानगी 'अ‍ॅप वापरताना फक्त' एवढीच ठेवा आणि गूगल खात्यात जाऊन जुन्या नोंदी दर तीन महिन्यांनी आपोआप पुसायची सोय लावा. नकाशा तसाच चालतो.

प्रश्न: इन्कॉग्निटो मोडमध्ये बघितलेलं कुणालाच कळत नाही, हे खरं का?
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: तुझ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर इतिहास राहत नाही, एवढंच. घरातल्या दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. वेबसाइटला, कॉलेजच्या नेटवर्कला, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला दिसतं. गूगलवर यावरून २०२० मध्ये अमेरिकेत दावा झाला आणि २०२४ मध्ये कंपनीने अशा वापराच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. म्हणजे नोंदी होत्या.

प्रश्न: दुकानात बिल करताना मोबाईल नंबर मागतात. दिला नाही तर 'सिस्टीम पुढे जात नाही' म्हणतात. मागे लाइन असते, ओशाळल्यासारखं होतं.
— नाशिक

उत्तर: ओशाळू नका. नंबर दिल्याशिवाय बिल होत नाही हे खोटं आहे. ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना बजावलंय की ग्राहकाच्या नंबरसाठी अडून बसायचं नाही. 'नंबर देणार नाही, कागदी बिल द्या' एवढं शांतपणे म्हणायचं आणि उभं राहायचं. काउंटरवरच्या मुलीवर चिडू नका, तिला वरून नंबर गोळा करायचं टार्गेट असतं. मॅनेजरला बोलवा.

प्रश्न: मुलगा सहावीत आहे. शाळेच्या अ‍ॅपला लोकेशन, कॉन्टॅक्ट, गॅलरी सगळं हवंय. शाळा म्हणते कंपल्सरी आहे. मुलाने वय वाढवून इन्स्टाग्रामचं खातंही काढलंय, ते परवा कळलं. कुठून सुरुवात करू?
— एक आई, पिंपरी

उत्तर: शाळेपासून करा, ते सोपं आहे. अ‍ॅप ठेवा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तिन्ही परवानग्या नाकारा. गृहपाठ आणि सूचना बघायला त्यातलं काहीच लागत नाही. फोटो पाठवायचा असेल तेव्हा तो एकच निवडून देता येतो. अ‍ॅप अडून बसलं तर मुख्याध्यापकांना लेखी विचारा: ही माहिती कशासाठी हवी, कुठे साठवली जाते, अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीला ती दिसते का, मुलाने शाळा सोडल्यावर तिचं काय होतं. चारपाच पालक मिळून पत्र द्या. बहुतेक शाळांनी हा विचार केलेलाच नसतो, त्यांनी तयार अ‍ॅप विकत घेतलेलं असतं.

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलंय. आईवडिलांच्या पडताळून घेतलेल्या संमतीशिवाय मुलांची माहिती घ्यायची नाही, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना नेमून जाहिराती दाखवायच्या नाहीत, या अटी कंपन्यांवर मे २०२७ पासून बंधनकारक होतील. शाळांना शिक्षणापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती सवलत आहे, कॉन्टॅक्टच्या यादीचा त्याच्याशी संबंध मला तरी दिसत नाही. मोठ्या कंपन्यांचा इतिहास इथे चांगला नाही. मुलांच्या व्हिडिओंवरून त्यांची माहिती गोळा केल्याबद्दल गूगल आणि यूट्यूबला अमेरिकेत २०१९ मध्ये १७ कोटी डॉलर भरावे लागले होते.

इन्स्टाग्रामचं म्हणाल, तर फोन हिसकावून घेऊ नका. कंपनीच्याच नियमाने तेरा वर्षांखाली खातं काढता येत नाही, हे त्याला दाखवा आणि त्याच्यासमोर बसून खातं बंद करा. मग तुमच्या खात्यावर त्याचे जे फोटो आहेत तेही त्याच्याबरोबर बघा. गणवेशावर शाळेचं नाव, वाढदिवसाच्या केकवर तारीख, मागे सोसायटीची पाटी. त्याला विचारून नको असतील ते काढा. त्याचंही मत घेतलं जातं हे त्याला कळलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

प्रश्न: मी म्युनिकला असतो. इथे कंपनीला एक मेल केला की महिन्याभरात माझी सगळी माहिती मला द्यावी लागते. आईबाबा नागपूरला आहेत. त्यांच्यासाठी असं करता येईल का?
— एक वाचक, जर्मनी

उत्तर: तुमच्याकडे मे २०१८ पासून जीडीपीआर हा युरोपचा माहिती संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि तो वापरायची सवय लोकांना लागली आहे. २०२३ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने मेटाला एकशेवीस कोटी युरोचा दंड केला तो त्याच कायद्याखाली.

आपल्या कायद्यातही आपली माहिती मागण्याचा, दुरुस्त करायचा, पुसून घ्यायचा हक्क आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यांत कंपन्यांना दीड वर्षाची मुदत दिली, ती मे २०२७ मध्ये संपते. त्यातलं एक कलम मला फार आवडतं: आपल्यामागे किंवा आपण असमर्थ झालो तर हे हक्क कुणी वापरायचे, त्याचं नामनिर्देशन करता येईल. आईबाबांसाठी तुमचं नाव तिथे लागेल.

दुखणीही सांगते. दंड अडीचशे कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो; ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई द्यायची सोय या कायद्यात नाही. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असं ठरलं तर सामान्य माणसालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. सरकारी यंत्रणांना सवलती मोठ्या आहेत. आणि याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल केला. सार्वजनिक हितासाठी वैयक्तिक माहिती उघड करण्याची तिथली वाट अरुंद झाली. मी सरकारी खात्यात आयुष्य काढलंय. माहिती अधिकाराच्या एका अर्जाने कार्यालय कसं कामाला लागतं ते मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलंय. खासगीपणाच्या नावाखाली ते कमी व्हावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मे २०२७ पर्यंत थांबायची मात्र गरज नाही. गूगलचं 'टेकआउट', फेसबुकचं 'डाउनलोड' किंवा 'एक्सपोर्ट युवर इन्फर्मेशन', व्हॉट्सअ‍ॅपचं 'रिक्वेस्ट अकाउंट इन्फो' या आपली माहिती मागवायच्या सोयी भारतातही चालतात. व्हिडिओ कॉलवर आईबाबांना सोबत घेऊन करा. त्यांचा पासवर्ड घेऊन परस्पर करू नका, प्रेमापोटीसुद्धा नको.

प्रश्न: माझे यजमान गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांचा फोन मी चार्ज करून ठेवते, उघडत नाही. मुलगी म्हणते त्यांचं गूगल खातं बंद करायला हवं, कुणी गैरफायदा घेईल. पण आमच्या सगळ्या सहलींचे फोटो त्यातच आहेत.
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: मुलीची काळजी बरोबर आहे, आणि तुम्हीही बरोबर आहात. आधी फोटो, मग खातं.

एक गोष्ट लक्षात घ्या, दोन वर्षं कुणी वापरलं नाही तर असं खातं गूगल मजकुरासकट काढून टाकू शकतं. डिसेंबर २०२३ पासून हा नियम अमलात आहे. फोन नुसता चार्ज केल्याने खातं वापरात आहे असं धरतीलच याचा भरवसा नाही, म्हणून फार दिवस लावू नका. फोनचं लॉक तुम्हाला ठाऊक असेल तर मुलीला शेजारी बसवा, टेकआउट उघडा, फक्त 'गूगल फोटोज' निवडा आणि सगळे फोटो एका हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. एक प्रत मुलीच्या घरी ठेवा. डिस्क लावून पाचपंचवीस फोटो उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. लॉक माहीत नसेल तर मृत व्यक्तीच्या खात्यासाठी गूगलकडे अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला आणि तुमचं ओळखपत्र लागतं, वेळ लागतो, आणि मजकूर मिळेलच असं नाही.

त्यानंतर बँकेतला त्यांचा नंबर, यूपीआय, त्या ईमेलवर येणारी वीजबिलं हे सगळं तुमच्या नावाने वळवून घ्या. सिम तोवर चालू ठेवा, कारण ओटीपी त्यावरच येणार. सगळं झाल्यावर खातं बंद करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

आणि तुमच्या स्वतःच्या खात्यात 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' उघडा. किती महिने हालचाल नसली तर कुणाला कळवायचं आणि त्यांना काय काय द्यायचं, ते तिथे आपल्या हाताने लिहून ठेवता येतं. मुलीचा नंबर आणि ईमेल घाला. फोटो तिला द्या. पत्रव्यवहार द्यायचा नसेल तर त्यावरची खूण काढा. ते दोन्ही वेगवेगळं निवडता येतं.